तिसरं उत्तर

शेजारच्या ऋजुताला मी परवा लाडवांचं कोडं घातलं. म्हटलं, "एका डब्यात लाडू आहेत. पहिल्या पाहुण्याला त्यातले अर्धे दिले आणि वर अर्धा लाडू. दुसऱ्याला उरलेल्यातले अर्धे आणि वर अर्धा. तिसऱ्यालाही तसंच. डबा रिकामा झाला, पण एकही लाडू मोडावा..."

"सात," पोरगी म्हणाली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत.

"अगं, पण लाडू न मोडता अर्धा दिला कसा?"

तिनं खांदे उडवले. "तसं काही मनात आलंच नाही आजी. सातच आलं." आणि चपला पायात सरकवून ती गेलीसुद्धा.

आता सगळी गंमत त्या न मोडलेल्या लाडवातच आहे की नाही? विषम आकड्याचं अर्धं करायला गेलं की अर्धा लाडू अडतो आणि तो वरचा अर्धा येऊन त्याला पुरा करतो. हे कळेपर्यंत माणूस डोकं खाजवतो, कागदावर गोळे काढतो, वैतागतो, शेवटी शेजारच्याला म्हणतो, "तुम्हाला काय वाटतं हो?" मला त्या लाडवांशी काही देणंघेणं नाही. मला ते 'तुम्हाला काय वाटतं हो' हवं असतं. ते आता कुणी कुणाला म्हणत नाही.

मी शालन चौगुले. मिरजेत जन्मभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही, त्याचं कारण विचारणाऱ्याला मी त्याचं कारण विचारते. पोरं मला मागून 'फोडणी' म्हणायची. तडतडते म्हणून. आणि मला लहानपणापासून फिट येते, त्यामुळं गावात टिकली न लावलेली मी एकटीच उरले आहे.

टिकली म्हणजे कानामागं चिकटवायची ती चकती. कंपनीनं नाव दिलं होतं 'उमज', लोकांनी टिकली केलं. तिचं शास्त्र अवघड नाही. माणूस एखाद्या प्रश्नाशी अडला की मेंदूतल्या लहरींची लय बदलते, संथ होते. आणि उत्तर सुचायच्या किंचित आधी उजव्या कानाच्या वरच्या भागात एक जोरदार लहर उसळते. शास्त्रज्ञांना हे जुनंच ठाऊक होतं. टिकलीनं काय केलं, तर ती अडल्याची लय ओळखते, माणसाला आपण अडलोय हे कळायच्याही आत उत्तर बाहेरून आणते, आणि विजेचा अगदी बारीक झटका देऊन ती सुचल्याची लहर आपणच उठवते. कानात कुणी बोलत नाही, डोळ्यांपुढं अक्षरं येत नाहीत. माणसाला वाटतं, मलाच सुचलं.

त्यातली मेख अशी की टिकली आणते ते सर्वांत संभवनीय उत्तर. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, हेही मी मान्य करते. मी गणिताची बाई आहे, उगाच खोटं बोलणार नाही. टिकली नाडीवरही लक्ष ठेवते, माणूस पडला तर गाडी बोलावते. किती तरी जीव तिनं वाचवले. फिट येणाऱ्याला तेवढी ती चालत नाही; तो बारीक झटकाच आमच्या डोक्यात वणवा लावतो.

टिकली यायच्या आधी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचा कोडेकट्टा भरायचा. दर रविवारी सकाळी. गणिताची कोडी असायचीच, पण जीव रमायचा तो आडवळणाच्या कोड्यांत. एकानं एक विचित्र गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारून तिचं कारण काढायचं. सांगणाऱ्यानं फक्त तीन उत्तरं द्यायची. हो, नाही, आणि तिसरं म्हणजे 'संबंध नाही'. हे तिसरं उत्तर आमच्या अण्णा मगदूमांच्या हातात होतं. अण्णा रेल्वेत सिग्नलला होते, इंजिनाच्या आवाजात हातानं बोलायची त्यांना सवय. हो आणि नाही ते तोंडानं म्हणायचे. पण प्रश्न मुद्दा सोडून गेला, किंवा धड 'हो-नाही'त बसेनासा झाला, की बाहीवरची धूळ उडवावी तशी बोटानं एक टिचकी मारायचे. त्या टिचकीचा आम्हाला असा राग यायचा! पण नाहीपेक्षा टिचकी जास्त शिकवते. तुम्ही भलत्या खोलीत शोधताय, एवढं ती सांगते.

टिकली आली आणि कट्टा बसला. भांडण नाही, तंटा नाही. कोडं सांगून व्हायच्या आत सगळ्यांना उत्तर सुचलेलं असायचं, मग नुसतंच एकमेकांकडं बघून हसायचं आणि चहा प्यायचा. हळूहळू चहालाही कुणी येईना. शेवटी अण्णा आणि मी उरलो. वाचनालयानं खोली काढून घेतली तेव्हा अण्णा म्हणाले, "बाई, तुमच्या ओसरीत बसू की. अडायला काय, कुठंही अडता येतं."

तेव्हापासून दर रविवारी ते माझ्याकडं यायचे. आठवडाभर मी कुणाशी धड बोललेली नसायचे. बसस्टॉपवर कुणाला 'ही गाडी बेडगला जाते का' विचारलं तर लोक असं बघायचे, जसं काही मी त्यांना नाक पुसायला सांगितलंय. रविवारी मात्र समोर एक माणूस असायचा, त्याला कळलेलं नसायचं आणि मलाही कळलेलं नसायचं. यापेक्षा मोठं सुख मला मागता आलं नसतं.

शेवटच्या रविवारी त्यांनी मला कोडं घातलं. "एका माणसाकडं झकास उजेड देणारा कंदील आहे. रोज अंधार पडल्यावर तो कंदील घेऊनच फिरतो. पण आठवड्यातून एकदा, एका घरी जाताना, कंदील घरी ठेवून अंधारात चाचपडत जातो. का?"

"चोरून जातो?"

"नाही."

"त्या घरी उजेड असतो?"

"नाही."

"घरातल्या माणसाला उजेडाचा त्रास होतो?"

अण्णा घुटमळले. मग म्हणाले, "हो. एका अर्थी."

"एका अर्थी म्हणजे काय? हे काय उत्तर झालं! नियम तुमचेच ना?"

ते हसले, चहा संपवला आणि म्हणाले, "राहू दे. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी चहा निवून साय धरली तरी अण्णा आले नाहीत. हा माणूस उशीर करणाऱ्यातला नव्हता. मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले, शेजाऱ्यांकडून दार उघडवलं. अण्णा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते. डोळे उघडे होते.

मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली, फक्त डावा हात मनगटापासून हलत होता. मुलगा सन्मती बेंगळुरूहून आला. माझाच विद्यार्थी, शहाणा मुलगा. इस्पितळाच्या व्हरांड्यात तो मला म्हणाला, "बाई, टिकली कानामागं असती तर लगेच गाडी आली असती. ती आरशापाशी काढून ठेवलेली."

"कुणाची टिकली?"

"अण्णांची."

"अरे, त्यांना टिकली नव्हती."

"होती की. तीन वर्षं झाली. आई गेल्यावर मीच लावून दिली. एकटे राहतात म्हणून."

मी बाकावर बसले. तीन वर्षं! म्हणजे तीन वर्षं हा माणूस माझ्या ओसरीत डोकं खाजवत बसला, 'बाई, काही सुचेना हो' म्हणत राहिला, आणि उत्तर कानावरच्या त्या पांढऱ्या केसांत दडलेलं होतं? माझी कीव करत होता? मला वाटत होतं आम्ही दोघं अडलोय. अडले होते मी एकटीच. मला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी संताप आला. मी पिशवी उचलली आणि घरी जायला निघाले.

पण वाटेत त्यांची खोली होती, आणि दार उघडं होतं. आत डॉक्टर रुबीना तांबोळी अण्णांना तपासत होत्या. त्यांनी शिकवलं होतं, मूठ मिटली की हो, पंजा उघडला की नाही.

"तुमचं नाव मगदूम का?"

मूठ मिटली.

"कुठं दुखतंय का?"

पंजा उघडला.

"तुम्हाला मुलाकडं राहायला आवडेल की इथं मिरजेत?"

बोटाची हालचाल झाली.

"बघा," डॉक्टर सन्मतीला म्हणाल्या, "मधूनच ही अशी हालचाल होते. आपोआप होणारी आहे. बऱ्याच प्रश्नांना हीच येते. समज राहिलेली नाही असंच दिसतं." बोलताना त्या क्षणभरही अडखळल्या नाहीत. त्यांना सुचलंच होतं तसं.

पुढचं मला सन्मतीनं आधीच सांगितलं होतं. समज नाही असं ठरलं की सही मुलाची चालते. मग अण्णांच्या कवटीत बोलकी टिकली बसवायची. माणसाचं आजवरचं सगळं बोलणं तिला भरवतात, आणि समोरच्या प्रसंगात हा माणूस बहुधा काय म्हणाला असता ते ती त्याच्या आवाजात म्हणते. तिला शरीरात उरलेली सगळी हालचाल लागते. म्हणजे तो डावा हातही तिचा. एकदा ती बसली की अण्णांचं स्वतःचं हो किंवा नाही बाहेर यायला वाट उरणार नव्हती. दुसऱ्याच दिवशी बसवायची होती.

मी दारातच मोठ्यांदा हसले. इस्पितळात असं हसू नये, कळतं मला. "अहो डॉक्टर, प्रश्न चुकीचा आहे तुमचा! 'हे की ते' विचारल्यावर माणूस हो म्हणेल की नाही म्हणेल? टिचकी मारतायत ते! प्रश्न बदला म्हणतायत!"

अण्णांची मूठ मिटली. अशी घट्ट की नखं पांढरी झाली.

डॉक्टर भल्या होत्या, पण पटेना. "बाई, असं जवळच्यांना वाटतं. अशा रुग्णांत ही हालचाल..."

"तुम्हाला वाटतंय की टिकलीला? काढा ती. काढून तुम्ही स्वतः विचारा." आणि मी कट्ट्यावरचं जुनं कोडं घातलं, अण्णांचंच. "एका चाळीतली माणसं रोज गाढ झोपतात. एका पहाटे कसलाही आवाज झाला नाही आणि सगळी खाडकन जागी झाली. का? उत्तर अण्णांना माहीत आहे. विचारा त्यांना."

डॉक्टरांनी सन्मतीकडं पाहिलं. मग कानामागून चकती सोलून काढली आणि खुर्ची ओढली.

"चोर आला होता?"

पंजा.

"लोक घाबरले होते?"

टिचकी.

"म्हणजे... भीतीचा संबंध नाही?" मूठ. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते तोंड मी किती वर्षांनी बघत होते! अडलेल्या माणसाचं तोंड. "आवाज झाला नाही... रोज होतो का त्या वेळी?"

मूठ.

"भोंग्याचा?"

पंजा.

"चाळ कुठं आहे? नाही, थांबा, हे हो-नाहीत बसत नाही." त्या खुर्चीच्या टोकाला सरकल्या. "चाळ स्टेशनाजवळ आहे?"

मूठ.

"गाडी! रोजची गाडी आलीच नाही! आवाजाची सवय झालेली!" त्या टाळी वाजवून ओरडल्या, आणि मग आपण डॉक्टर आहोत हे आठवून लाजल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मला सुचलं," त्या म्हणाल्या. "सन्मती, तुमच्या वडिलांना सगळं कळतंय."

मग त्यांनी रीतसर विचारलं, "मगदूम, तुमच्या डोक्यात बोलकं यंत्र बसवू का?"

पंजा उघडला, आणि उघडाच राहिला.

सन्मती व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकला. मी मागोमाग गेले. "बाई, ते यंत्र नको तर नको. पण पुढं काय? मला कायमचं इथं राहता येणार नाही. त्यांना बेंगळुरूला न्यायचं, तर जन्म मिरजेत गेलाय त्यांचा. तुम्हीच विचारा त्यांना. मी विचारलं तर माझं मन राखायला काहीतरी सांगतील."

मी आत गेले, दार लोटलं. अण्णा आणि मी. समोरासमोर, रविवारसारखे. वार कुठला होता कुणास ठाऊक.

मी अजून रागावलेलीच होते. तरी नियम तो नियम. प्रश्न विचारताना आपल्याला हवं ते उत्तर त्यात कोंबायचं नाही.

"अण्णा, मिरजेत राहायचंय?"

त्यांनी डोळे मिटले. मग पंजा उघडला.

"सन्मतीकडं जायचंय?"

मूठ.

"त्याच्यावर ओझं नको म्हणून नाही ना म्हणत? मनापासून?"

मूठ. पुन्हा मूठ.

बाहेर सन्मती उभा होता. मी सांगेन तेच त्याला कळणार होतं. 'इथंच राहायचं म्हणतात' एवढं म्हटलं असतं तर त्यानं माझ्या शेजारच्या गल्लीत त्यांना ठेवलं असतं, माणूस लावला असता, आणि मी मरेपर्यंत रोज त्यांच्याशी बोलले असते. हे सगळं माझ्या मनात आलं. न लपवता सांगते, अगदी तपशिलानं आलं. कुठल्या खोलीत पलंग ठेवायचा इथपर्यंत.

मी दार उघडलं. "तुझ्याकडं यायचंय त्यांना. नातवंडांत." आणि मी नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं.

न्यायची गाडी आली त्या दिवशी मी जाणार नव्हते. काय म्हणून जायचं? ज्यानं तीन वर्षं अडल्याचं सोंग केलं त्याला निरोप द्यायला? तरी गेले. डबा करून नेला, सन्मतीसाठी. अण्णांना गाडीत आडवं केलं होतं. सन्मती सामान चढवता चढवता म्हणाला, "बाई, एक सांगा. अण्णांचं रविवारी काय असायचं?"

"म्हणजे?"

"मला फोनवर सूचना यायची, अण्णांची टिकली बंद आहे म्हणून. दर रविवारी सकाळी बंद, दुपारी चालू. विचारलं की म्हणायचे, डोकं दुखतं जरा. आणि दुखायचंच, ती मधेच काढली की गरगरतं म्हणे, चालता येत नाही धड. मी म्हटलं, मग काढता कशाला? तर नुसते हसायचे."

मी तिथंच उभी राहिले. डबा हातात तसाच. आणि उजव्या कानाच्या वर काहीतरी उसळलं. माझं मला. कुठलीही चकती नसताना.

मी गाडीत चढले. पायऱ्या उंच होत्या, सन्मतीनं हात दिला. म्हटलं, "तू खाली थांब जरा."

अण्णा माझ्याकडं बघत होते.

"कंदील म्हणजे टिकली?"

मूठ.

"त्या घरी कंदील नाही. लावताच येत नाही. म्हणून."

मूठ.

"मग माझ्या ओसरीत तुम्हाला खरंच काही सुचायचं नाही?"

मूठ मिटली, आणि डावीकडचा अर्धा चेहरा हसला.

"मूर्ख आहात तुम्ही," मी म्हटलं. "पहिल्या नंबरचे मूर्ख. गरगरत यायचात? रिक्षाही न करता? सांगायचं होतंत एकदा!" पण जे विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं, आणि ते विचारल्याशिवाय मला घरी जाता आलं नसतं. त्या रविवारी ती चकती कानामागं असती तर हा माणूस आज बोलत असता. काढली होती ती कुणासाठी?

खाली सन्मतीनं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. निघायची वेळ झाली होती.

"अण्णा," मी विचारलं, "हे माझ्यामुळं झालं का?"

मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले. मूठ मिटली असती तरी मी सोसलं असतं. पंजा उघडला असता तर खोटं वाटलं असतं.

अण्णांनी अंगठ्याला बोट अडकवलं. दोनदा बोट निसटलं. तिसऱ्यांदा जमलं, आणि त्यांनी बाहीवरची धूळ उडवावी तशी टिचकी मारली.

मी त्यांची बाही नीट केली आणि खाली उतरले.